पोरेसले भाईर काढा

माय, परवा मी दुकानात तुझ्या आवाजात बोलले. तू जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि तो आवाज माझ्या गळ्यात इतके दिवस कुठे दडून बसला होता कोण जाणे. नातीला फ्रॉक घ्यायला जळगावच्या बाजारात गेले होते. लेकाची मुलगी, आठ वर्षांची, मामाच्या लग्नात घेरदार फ्रॉकच हवा म्हणून हटून बसलेली. दुकान लहान मुलांच्या कपड्यांचं, चारी भिंतींना आरसे, आणि वर टांगलेल्या स्पीकरवर गाणं चाललेलं. त्यातले शब्द मी तुला लिहिणार नाही. तू म्हणाली असतीस, यात नवं ते काय, पण चाल किती भिकार. नात पिवळा फ्रॉक घालून आरशापुढे गिरकी घेत होती आणि घेता घेता तीच ओळ म्हणत होती, शाळेतल्या कवितेसारखी, स्वच्छ उच्चारात. आरशांमध्ये तिच्यासारख्या दहा पिवळ्या मुली तेच म्हणत होत्या. बाकीच्या आया मापं बघण्यात गुंतलेल्या. मला तिचं इतकं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली, की हातातली पिशवी खाली ठेवावी लागली.

दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, हे गाणं बंद करा ना. लेकरं आहेत." माणूस भला होता. म्हणाला, "मावशी, गाण्याशिवाय दुकान सुनं वाटतं. आणि शब्दांकडे कोण लक्ष देतं? तुमच्या वेळेला काय सगळी भजनंच होती?" मी कोणाची लेक आहे, हे त्याला काय माहीत.

आपल्या गावात, सोनगीरच्या अलीकडे, हळद कुणाचीही असो, गाण्यांचं पहिलं बोलावणं तुला. दुपार आहे. पुरुष मंडपाचं बघायला गेलेत. तू दारात उभी, कोपरापर्यंत हळद, ओच्यात गूळ-शेंगदाणे. "बठ्ठा पोरेसले भाईर काढा वं," तू म्हणतेस, आणि एकेकाच्या हातावर खाऊ ठेवून आम्हाला चिंचेखाली पिटाळतेस. मग कडी लागते. आत व्याह्याला, विहिणीला शिव्या घालणारी गाणी, आणि त्याच्याही पुढची. वर्षभर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बायका आत हसून हसून लोळतात, एवढंच आम्हाला बाहेरून कळायचं.

एका हळदीला मी चिंचेखाली गेलेच नाही. अकरा वर्षांची असेन. गोधड्यांच्या चळतीमागे शिरले. जुन्या लुगड्यांचा वास, कापसाची ऊब, बांगड्या, आणि सगळ्यांच्या वर तुझा आवाज, घरात कधीच न ऐकलेला. मला मधेच डुलकी लागली असावी, कारण ती गाणी मला अजून हळदीसारखी पिवळीच आठवतात. शेवटी तू कान धरून बाहेर ओढलंस. "काय समजनं तुले?" "काही नही." मार बसणार असं वाटत होतं. तू माझ्या केसांत अडकलेला कापूस काढलास. मग म्हणालीस, "गानं वाईट नही. दार उघडं ऱ्हायनं ते वाईट. तुले समजी तवय ये, मी तुले मन्हाजोडे बसाडसू." तुझ्या शेजारी बसायचं म्हणून मी वाट बघत राहिले. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं तू गेलीस. माझ्या हळदीला बायकांनी कडी तर लावली, पण मला तुझी आठवण येईल म्हणून एकीनेही तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मला फार राग आला होता, तुझाच.

तर परवा त्या आरशांच्या मधोमध माझ्या तोंडून निघून गेलं, "बठ्ठा पोरेसले भाईर काढा वं." मी शहरात असं बोलत नाही, घरातसुद्धा नाही. कुणाला काही कळेना. मोज्यांच्या ढिगापाशी एक म्हातारी बसली होती, धरणगावकडची असावी. तिने मान वर केली आणि विचारलं, "कोनी हळद शे वं बाई?" आम्ही दोघी हसत सुटलो. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुकानदार आधी बघत राहिला. मग त्यालाही घरातलं काही आठवलं असावं, एखादं बंद दार, कारण त्याचे कान लाल झाले आणि त्याने गाणं बंद केलं. दुकान काही सुनं वाटलं नाही.

रिक्षात नातीने विचारलं, "आजी, पोरांना बाहेर कशाला काढायचं?" म्हटलं, गूळ-शेंगदाणे खायला. तिला ते पटलं नाही. मग मी विचारलं, "तू म्हणत होतीस त्या ओळीचं तुला काही समजलं का गं?" "नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. मी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, समजेल तेव्हा लपू नकोस, माझ्याकडे ये, मी शेजारी बसवेन.

हा कागद मी तुझ्या गोधडीच्या घडीत ठेवतेय, दुसरीकडे कुठे पाठवणार. पण एक सांगायचं राहिलंय. मीही त्या दिवशी तुला फार पटकन नाही म्हटलं होतं. मला समजलं होतं, माय. सगळं नाही, पण हसू यावं इतकं. गोधडीचं टोक दातांत धरून बसले होते.