काढता येणारं कॅरियर

४ मे, रविवार
निर्णय झाला. जीपच्या मागच्या दारावरची स्टेपनी तिथून हलवायची. तिच्या वजनाने दार खाली आलं आहे. उघडताना गुडघ्याने वर रेटावं लागतं, बंद करताना खांद्याने. ही म्हणते, दार आहे की तालीम?

लेकीला दूरच्या कॉलेजात अॅडमिशन मिळाली. १५ जूनला हॉस्टेल. डोंगरातला रस्ता, ढीगभर सामान. सोडायला मीच जाणार, माझ्याच जीपने, असं घरात जाहीर केलं आहे. ती पुढे, माझ्या शेजारी. पोरगी पहिल्यांदाच घर सोडतेय, तिला सांगायच्या बऱ्याच गोष्टी आहेत. इतके तास एका जागी बसलेली ती पुन्हा कधी सापडणार?

तर कॅरियर. मागच्या बंपरवर लोखंडी चौकट, तिच्यावर स्टेपनी. चौकट बाजूला फिरवली की दार मोकळं. नको तेव्हा अख्खी उचलून काढायची.

साडूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, दाराच्या बिजागऱ्या बदलून घ्या, एका दुपारचं काम आहे. मी नुसता हसलो. साडूंच्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. अशा माणसाशी काय वाद घालणार.

१० मे, शनिवार
ड्रॉइंग पूर्ण. मोठा कागद नव्हता म्हणून कॅलेंडरचं मे महिन्याचं पान घेतलं. आता घरात तारीख कोणालाच माहीत नाही. ही दुधाचा हिशेब माझ्या बंपरवर बघते.

११ मे, रविवार
व्हिडिओ पाहिले. एका परदेशी माणसाने असंच कॅरियर एका व्हिडिओत संपवलं. मी दोन रविवार धरतो, घाई नको.

१८ मे, रविवार
चौकोनी पाइप आणला. जीपमध्ये मावेना, पुढच्या खिडकीतून बाहेर काढून आणला. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला पाइप धरून उभा राहिला आणि निवांत फोनवर बोलला.

मापं दोनदा घ्यावीत असा नियम आहे. घेतली. दोन्ही वेगळी आली. सरासरी काढली.

२५ मे, रविवार
वेल्डरकडून ग्राइंडर मागून आणला. पाइप कापला. तिरका कापला गेला, पण मुद्दाम कापल्यासारखा दिसतो. दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडले.  ही ग्राइंडर स्वतः उचलून वेल्डरला परत देऊन आली.

विचार केला, खरा इंजिनियर डोकं वापरतो, हात दुसऱ्याचे. जोडणी वेल्डरच करेल.

१ जून, रविवार
वेल्डर गुणी माणूस. काहीही सांगा, होऊन जाईल म्हणतो. सरासरी मापं सांगितली, होऊन जाईल. तिरका पाइप दाखवला, होऊन जाईल.

आज तिथे बसल्या बसल्या डिझाइनमध्ये मोठी सुधारणा सुचली. स्टेपन्या चोरीला जातात. म्हणून खटका चौकटीच्या आतल्या बाजूला, दाराकडे तोंड करून. चौकट ढकलली की आपोआप खट्‌कन बसेल. चोराला दिसूच नये म्हणून समोरून जाड पत्रा. बंपरचे बोल्ट खोलता येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर वेल्डिंगचे टाके. वेल्डर क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, होऊन जाईल. डिझाइन त्याच्या मनात भरलं असावं.

७ जून, शनिवार
कॅरियर तयार! टाकीत जेमतेम थेंबभर डिझेल होतं, शेवटच्या चढावर जीप ढकलत घरी आणली. तरी काय दिसते! फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. साडूंनी अंगठा दाखवला. जळतात.

संध्याकाळी सगळ्यांसमोर उद्‌घाटन. चौकट ढकलली. खट्! काय आवाज आहे. लेकीने टाळ्या वाजवल्या, हिने पण थोड्या.

८ जून, रविवार
छोटीशी तांत्रिक बाब. खटका ओढायचा तर मागचं दार उघडावं लागतं. मागचं दार उघडायचं तर आधी खटका ओढावा लागतो.

दार चार बोटं उघडतं. मग स्टेपनीला टेकतं. त्या फटीतून हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. हिने तेल लावून काढला. खोबरेल संपलं म्हणून तिने माझ्याकडे जे बघितलं, ते लिहीत नाही.

चोराच्या दृष्टीने पाहिलं तर यश शंभर टक्के आहे.

९ जून, सोमवार
स्टेपनीचे नट खोलून चाक काढलं. मागे जाड पत्रा. पत्रा माझाच. चाक परत लावलं. लेकीचा हात बारीक म्हणून तिने प्रयत्न केला. बोटांची टोकं खटक्याला लागतात म्हणाली, पण ओढायला जोर येत नाही. वर म्हणाली, बाबा, वेल्डरकडे जाऊन कापून आण ना सरळ.

कापून! महिनाभराची मेहनत. म्हटलं, हा ट्रायलचा टप्पा आहे, अशा टप्प्यात धीर धरावा लागतो. ती बरं म्हणाली आणि पुस्तकं बांधायला गेली. ही पोरगी हल्ली फार पटकन बरं म्हणते.

१२ जून, गुरुवार
वायरच्या हँगरचा आकडा करून खटका ओढायचा प्रयत्न. हँगर आत पडला. झाडूचा दांडा घातला. दांडा आत पडला. मागच्या भागात आता बरंच सामान आहे, पण जे न्यायचं आहे ते नाही.

प्रवासासाठी टाकी काठोकाठ भरून घेतली. तयारी कशी आधीपासून असावी.

१३ जून, शुक्रवार
नवा विचार. मागचं दार हवंच कशाला? सामान पुढच्या सीटवरून आत सारायचं. तालीम घेतली. बादली गेली. उशी गेली. गादी स्टिअरिंगमध्ये अडकली आणि हॉर्न वाजत राहिला. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. ट्रंक तर दारातूनच वळेना.

छतावर बांधायचं तर छत कापडी. ही खिडकीतून बघत होती. म्हणाली, ट्रंक डोक्यावर घेऊन चालत गेलात तरी अजून वेळेत पोचाल. मी हसलो नाही.

१४ जून, शनिवार
मनाचा हिय्या केला. कोणाला न सांगता जीप वेल्डरकडे नेली. म्हटलं, कापा. त्याने खाली वाकून पाहिलं, टाकीच्या झाकणावर टकटक केली आणि पहिल्यांदाच होऊन जाईल म्हणाला नाही. ठिणग्या उडतील, भरल्या टाकीजवळ मी हात लावणार नाही म्हणाला. टाकी रिकामी करून आणा. कशात रिकामी करू? त्याच्याकडे डबे नाहीत, माझ्याकडे एक बादली, ती मागे.

घरी आलो तर लेक दारात उभी. हळूच म्हणाली, बाबा, उद्या सकाळी मावशीकडचे काका येतायत, त्यांची गाडी घेऊन. आईने सांगून ठेवलंय. कधी सांगितलंय विचारलं तर ही आतून म्हणाली, त्या कॅलेंडरच्या दिवशीच.

म्हणजे महिनाभर घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. खरं सांगायचं तर फार लागलं. तिला सोडायला मी जाणार होतो. साडू नव्हे. मी येत नाही, गाडीत जागा नसेल, असं सांगून खोलीत येऊन बसलो. थोड्या वेळाने लेक आली. पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, जागा करू, तू पण चल ना.

माझं डोकं दुखतंय म्हणालो. पण सकाळचा गजर लावला आहे.

१५ जून, रविवार, रात्री
साडू चालवत होते. ही पुढे. मागे मी, लेक आणि माझ्या मांडीवर गादी. गादीपलीकडचं काही दिसत नव्हतं. प्लॅस्टिकच्या सीटवर प्रत्येक वळणाला घसरत होतो.

ज्या गोष्टी सांगायच्या होत्या त्या मनात ओळीने लावून ठेवल्या होत्या. माणसं ओळखायला शीक. कोणी हसलं तर फार मनाला लावून घेऊ नकोस. चुकलं तर फोन कर, मी रागावणार नाही. पण साडूंसमोर हे कसं बोलायचं? घाट सुरू होण्याआधीच ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं. मी घाटभर खांदा हलवला नाही. गाडी मी चालवत असतो तर हे झालं नसतं. कॅरियरचा हा फायदा डिझाइन करताना लक्षात आला नव्हता.

वर पोचण्याआधी साडूंची गाडी पंक्चर. त्यांची स्टेपनी डिकीच्या तळाशी, वर अख्खं हॉस्टेल. ट्रंक, पुस्तकं, चपला, सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं. माझी स्टेपनी बाहेर असते, याबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. एकदाच बोललो. पुन्हा एकदा जॅक लावताना. लेक ट्रंकेवर बसून पोट धरून हसत होती. साडूही हसले. माणूस वाईट नाही.

हॉस्टेलच्या गेटवर बाई म्हणाल्या, वडिलांनी इथपर्यंतच. मग घाईघाईत मी लेकीला सांगितलं, पाणी पीत जा. तेवढंच सुचलं. ती बरं म्हणाली.

२२ जून, रविवार
टाकी रिकामी व्हावी म्हणून आठवडाभर जीप फिरवली. ऑफिसला, मंडईत, उगाचच. आज वेल्डरकडे नेली. त्याने ग्राइंडर लावला, चहा उकळायच्या आत चौकट जमिनीवर. कॅरियर काढता येतं, हे सिद्ध झालं.

मागचं दार गुडघ्याशिवाय, खांद्याशिवाय उघडलं. आत वाकून पाहिलं. केवढी जागा आहे. तिची ट्रंक, पुस्तकं, गादीसुद्धा आडवी, सगळं मावलं असतं.