मध्यंतरानंतरची पस्तीस मिनिटं

पेठ रोड, नाशिक
रविवार, दि. ९ जानेवारी २००५

ती. हिरामण दाजी यांस,
यादवचा रामराम.

इकडे मी आणि यशोदा बरे आहोत. तुम्ही आणि ताई बरे असाल असं धरून चालतो. ताईचे गुडघे थंडीत धरतात, तिला तेल लावायला सांगा. तुमचं वाचणं चौथीपर्यंतचं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. पानं जास्त झाली आहेत म्हणून घाबरू नका.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. पूर्वी गरज नव्हती, हिवाळ्यात दर रविवारी आपण भेटतच होतो. आणि गेली तीन वर्षं हिंमत नव्हती.

यंदाच्या फुटबॉल स्पर्धेचे पास निघाले. काल मैदानावर जाऊन आलो. पूर्ण स्पर्धेचा पास तीनशे रुपये. पहिल्या वर्षी, ९३ साली, चाळीस होता, आठवतं का? जाड पिवळा पुठ्ठा, त्यावर शिक्का, ना नाव ना गाव. आपल्या शेवटच्या वर्षापासून फोटो लावून प्लास्टिकमध्ये दाबून देतात. खिडकीवरच्या पोराला मी म्हटलं, "तीनशेत जेवण पण देता का?" तर म्हणाला, "काका, नवीन खुर्च्या टाकल्यात." खुर्च्या पाहिल्या. बसलं की मागे कलतात.

जीपवाल्यांचं तर विचारूच नका. पेठ नाक्यावर चौकशी केली. करंजाळीचे तीस घेतात आणि मॅचच्या रविवारी पस्तीस, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक जाणार कुठे? डिझेल वाढलं की त्यांना लगेच कळतं, उतरलं की कोणी सांगत नाही. पाच रविवार खाली येऊन वर जायचं म्हटलं तर पासापेक्षा जीपच जड होते. साहेब लोकांना वाटतं, मैदान भरत नाही कारण लोकांना खेळाची आवड नाही. आमच्या ऑफिसात मी चहाचा ट्रे घेऊन उभा असतो तेव्हा असलं ऐकतो आणि गप्प बसतो. शिपायाचं मत कोण विचारतो.

हे सगळं मी का सांगत बसलोय ते तुमच्या ध्यानात आलं असेल. माझं आडवळण लांब असतं. तुम्ही म्हणायचात, "यादव, बॉल पुढं ढकल." तर ढकलतो.

आपण दोघांत एकच पास काढायचो. पास मी, जीप तुमची, म्हणजे हिशेब सारखा. पहिला हाफ एकाने बघायचा, मध्यंतराला बाहेर येऊन पास दुसऱ्याच्या हातात द्यायचा, मग दुसरा हाफ त्याने बघायचा. पुढच्या रविवारी उलटं. फाटकावरच्या गेणूला सगळं ठाऊक होतं. "पास एक, डोकं एक," एवढाच त्याचा नियम. आणि मॅच संपल्यावर रिक्षाचे पैसे वाचवत आपण पेठ नाक्यापर्यंत पायी निघायचो. वाटेत मी माझा हाफ सांगायचो, तुम्ही तुमचा. नाक्यावर पोचेपर्यंत दोघांची मिळून एक मॅच पुरी व्हायची. आठ-नऊ वर्षांत आपल्यापैकी एकानेही एकही अख्खी मॅच पाहिली नाही, पण मला सगळ्या अख्ख्याच आठवतात.

तुमचं सांगणं माझ्यापेक्षा चांगलं. खेळाडूंची नावं तुम्हाला पाठ होत नसत, म्हणून तुम्ही त्यांना आपल्या पाड्यातली नावं द्यायचात. गोलकीपरला जयराम, का तर तोही दारात उभा राहून नुसता ओरडतो. एकदा तुम्ही मला एक गोल सांगितलात, डोक्याने मारलेला, मी हसत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पेपरात शून्य-शून्य. पुढच्या रविवारी विचारलं तर म्हणालात, "आरं, माझ्या हाफात कायच झालं नाय. तू एवढा येळ भाईर उभा. रिकाम्या हातानं कसा धाडू तुला?" मी ते यशोदाला सांगितलं होतं. ती अजून सांगते.

आता तीन वर्षांपूर्वीच्या त्या फायनलचं.

धनराज तेव्हा दोन वर्षं आमच्याकडे आयटीआयला होता. इथल्या क्रीडा मंडळाच्या टीममध्ये घेतला होता, पण सगळी स्पर्धा बाकावर बसून काढली त्याने. शनिवारी त्याचे सर मला म्हणाले, "उद्या दुसऱ्या हाफला उतरवतो त्याला." मी लगेच करंजाळीच्या दुकानात फोन करून तुम्हाला निरोप दिला. ठरलं असं की पहिला हाफ मी बघायचा आणि दुसरा तुम्ही. पाळी माझी होती, पण पोरगा तुमचा होता. मीच तसं म्हटलं होतं, दाजी. तुम्ही मागितलं नव्हतं.

तुम्ही धुतलेला सदरा घालून आला होतात. पिशवीत नागलीचं पीठ होतं, ते माझ्या हातात देऊन तुम्ही गेणूच्या शेजारी उभे राहिलात.

मध्यंतराची शिट्टी झाली. मी उठलो. खरंच उठलो होतो. तेवढ्यात धनराज बाकावरून उठून रेषेशेजारी पळायला लागला, अंग गरम करायला. त्याने वर पाहिलं आणि मला हात केला. मी म्हटलं, तो आत उतरेपर्यंत थांबू, दोन मिनिटांत जाऊ. मग तो उतरला. मग मी बसलो.

बाहेर आल्यावर मी तुम्हाला काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. "पासावर माझा फोटो आहे, गेणूने अडवलं." आणि गेणू तुमच्या शेजारी उभा होता. सबंध पस्तीस मिनिटं तुम्ही दोघं एकमेकांच्या विड्या ओढत तिथे उभे होतात, आणि मी तुमच्या तोंडावर हे सांगितलं. गेणूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "बरं." मध्यंतरानंतर तिकिटाची खिडकीही बंद होते. ती उघडी असताना तुम्ही तिकीट काढू शकला असता, परतीचं भाडं खिशात होतं. पण तुम्ही काढलं नाही, कारण यादव आता येईल, आता येईल असं तुम्हाला वाटत राहिलं. ते तुमचं वाटणं मला अजून झोपू देत नाही.

पेठ नाक्यापर्यंत आपण चालत गेलो. मी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. जीपमध्ये बसताना फक्त म्हणालात, "पीठ चाळून घे म्हनावं, कोंडा हाय." त्यानंतर तुम्ही खाली आला नाहीत.

मी का उठलो नाही, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, यशोदालासुद्धा नाही. आम्हाला मूल नाही. दोन वर्षं तो पोरगा आमच्या घरात जेवला, माझ्या सायकलवर फिरला, त्याचे बूट मी घेऊन दिले होते. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "तो चौदा नंबर तुमचा का?" मी म्हटलं, "हो, माझा." आणि ते म्हटल्यावर मला खुर्चीवरून उठता येईना. तुमच्याकडे तो जन्मभर असणार होता, मला पस्तीस मिनिटं हवी होती. असा हिशेब मी मनात केला. तुमचा जन्मभर अडीच वर्षांचा निघाला, हे मला तेव्हा कसं कळावं.

गेल्या श्रावणात कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. मी आलो होतो. तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. मी मोहाच्या झाडाखाली उभा होतो, पुढे यायला पाय उचलला नाही.

दिवाळीत ताई आली होती. ती सहसा तुमच्याबद्दल बोलत नाही. पण जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "त्या मॅचनंतर पोरानं घरी येऊन इचारलं, बा, गोल पाह्यला ना? ते म्हनले, पाह्यला. लय चांगला मारला. मंग पुन्हा इचारायचं कसं? आता त्याचे बूट घेऊन बसत्यात. मला म्हनत्यात, कसा मारला आसंल गं?"

दाजी, मी त्याला सांगितलं होतं की बा तिकीट काढून पलीकडच्या बाजूला उभे होते. माझं खोटं तुम्ही सांभाळलंत. त्याच्यासाठी सांभाळलंत हे मला समजतं. पण त्यापायी तुमच्या वाट्याचा गोल तुम्हाला मिळाला नाही. आणि आता तो सांगू शकेल असा मी एकटाच उरलोय. पेपरात नुसतं २-१ छापून आलं होतं, आपण हरलो, त्याचं नावसुद्धा नाही.

तर हा तुमचा हाफ. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

तो उतरला तेव्हा शर्ट मोठा होता, बाह्या कोपरापर्यंत येत होत्या. पहिली दहा मिनिटं त्याच्याकडे बॉलच आला नाही. तो नुसता पळत होता, बॉलपासून लांब लांब, मला राग येत होता. मग एकदा आला तर पायाखालून गेला. लोक हसले. मग, शेवटची दहा मिनिटं असतील, आपण दोन गोलनी मागे होतो, उजवीकडून एक लांब बॉल आला. त्यांचा एक गडी घसरला. धनराजने लगेच मारला नाही. त्याने बॉल तळव्याखाली धरला आणि थांबला. सगळे ओरडत होते, मार, मार. तो थांबला. आपल्याकडे नदी ओलांडताना तुम्ही पाय टाकण्याआधी थांबता ना, तसा. गोलकीपर धावत पुढे आला. धनराजने त्याला येऊ दिलं, अगदी अंगावर येऊ दिलं, आणि डाव्या पायाने बॉल हळूच त्याच्या बाजूने सोडला. जोर नव्हताच. बॉल इतका सावकाश गेला की मला वाटलं पोचणारच नाही. खांबाला आतून लागला आणि आत गेला.

तो नाचला नाही. वर पाहिलं त्याने. मला पाहिलं, आणि मग माझ्या शेजारी पाहिलं. तिथे तो अनोळखी माणूस शेंगा खात होता. मग तो रांगेवरून नजर फिरवत राहिला, दुसऱ्या टोकापर्यंत. टीमच्या पोरांनी त्याला ओढून नेलं तरी तो मागे वळून बघत होता. तुम्हाला शोधत होता, दाजी. हे मला तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

पाकिटात एक पास आहे. एकच काढलाय. फोटोसाठी पाड्यातल्या बुधाच्या लग्नातल्या फोटोतला तुमचा चेहरा वेगळा काढून घेतला. त्यात तुम्ही हसताय. कडेला धनराजचा खांदा आलाय, तो मी कापू दिला नाही. सोबत जीपच्या जाण्यायेण्याचे सत्तर रुपये आहेत. राग असेल तर पैसे परत पाठवा, पास ठेवा.

२३ तारखेला, रविवारी, मंडळाची मॅच आहे. मी फाटकाबाहेर गेणूजवळ उभा राहीन. परतताना नाक्यापर्यंत बोललात तर बोललात, नाही तर नुसते सोबत चालू. दोन्ही हाफ तुमचे आहेत. मध्यंतराला बाहेर येऊ नका.

फाटकाबाहेर उभा,
तुमचा यादव