डावा माझ्याकडे, उजवा तुझ्याकडे

प्रिय कौस्तुभ,

‘ही पट्टी कधी काढायची नाही हं,’ असं बाबा म्हणाले होते, आठवतं? रिटायर झाल्यावर त्यांनी ते दोन उंच स्पीकर आणले, त्या वर्षीचा दसरा. प्रत्येकाच्या पाठीला चार स्क्रू आणि त्यांना जोडणाऱ्या दोन पितळी पट्ट्या. बाबांनी पट्ट्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू चिकटवला आणि ही ताकीद दिली. तू नोकरीला लागलेला घोडा, तरी शहाण्यासारखी मान डोलावलीस.

मी पट्ट्या काढल्या. ओरडू नकोस, आधी सगळं वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

आई गेल्यावर घर आवरताना आपण याच स्पीकरवरून भांडलो आणि काशीनाथमामांनी पातेल्यांसारखी वाटणी केली : एक हिला, एक त्याला, मिटलं. मिटलं कसलं! डावा इथे मीरा रोडला आला, उजवा तुझ्या जेसल पार्कला, आणि आठ महिने आपण बोललो नाही. तुझी जागृती मात्र मला फोटो पाठवते, ‘ताई, यांना सांगू नका’ असं लिहून. (आता कळलंच आहे, तर तिला काही बोलू नकोस.) तुमच्या उजव्यावर मनीप्लांटची कुंडी आहे. बरा वाढलाय.

तुझ्या भावोजींनी दिवाळीत होम थिएटरचा रिसीव्हर घेतला. त्यात अँप्लिफायर सात, आमच्याकडे स्पीकर एक. ‘अगं, सहा जण नुसते बसून आहेत,’ असं ते इतक्या कळवळ्याने म्हणाले, की मला वाटलं ऑफिसातलंच काहीतरी सांगताहेत. मग इंटरनेटवर त्यांना बाय-अँपिंग सापडलं. म्हणजे पुढच्या स्पीकरमधल्या खालच्या मोठ्या भोंग्याला एक अँप्लिफायर द्यायचा आणि वरच्या बारीक आवाजाच्या भोंग्याला दुसरा, त्या बसलेल्यांपैकी. एकच स्पीकर दोघांचं काम करेल, अशी त्यांची समजूत. रविवारी चष्मा कपाळावर चढवून ते वायर लावायला जमिनीवर आडवे झाले, मी टॉर्च धरला. ‘आता पट्ट्या काढ,’ म्हणाले. मी काढल्या नाहीत. कुंकू होतं रे अजून त्यांच्यावर! म्हटलं, ‘असू देत, तुमचं काय खातायत?’

सुरू केल्याबरोबर टक्क आवाज झाला आणि रिसीव्हर बंद पडला. पुन्हा सुरू, पुन्हा टक्क. शेवटी नया नगरच्या रिपेअरवाल्याला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, पट्टी निकाली थी?’ आणि माझं ‘नहीं’ ऐकून म्हणाला, ‘दोनों अँप्लिफायर आपस में भिड़ गए. मशीन समझदार है, खुद बंद हो गई.’ भावोजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पट्ट्यांकडे नुसतं बोट दाखवलं. मग नमस्कार करून पट्ट्या काढल्या. रिसीव्हर वाचला. आवाज सुधारला का? भावोजी म्हणतात, जमीन-अस्मानाचा फरक. मला काडीचाही कळला नाही, पण मी ‘अगंबाई!’ म्हटलं.

त्या नव्या आवाजावर पहिली लावली ती बाबांची जुनी कॅसेट, पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेली. रेकॉर्डिंगचा नवीन डेक आणला त्या दिवसाची. आपण शाळेत होतो. डावा माइक घेऊन बाबा हॉलमध्ये, उजवा आईच्या हातात, ती स्वयंपाकघरात. माझ्या डाव्या स्पीकरवर म्हणून नुसते बाबा : ‘हॅलो, हॅलो. बोल ना काहीतरी.’ मग शांतता. ‘ते नको, दुसरं बोल.’ लांबलचक शांतता. ‘मी असं कुठे म्हटलं?’ त्याहून लांब. ‘बरं बाई, चुकलं.’ हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भावोजींनी वायर बदलून दिली, तर आई सुरू झाली आणि बाबा गप्प. ती एकटीच तणतणत होती : बोंबील तव्यावर करपताहेत, आणि तुम्हाला हॅलो-हॅलो सुचतंय!

खरं सांगते, दोन्ही आवाज एकाच स्पीकरमधून काढायचं बटणही आहे. ते दाबून झालं. पण मग दोघंही एकाच जागेवरून बोलतात, आणि आपल्या घरात असं कधी नव्हतं. ते हॉलमधून, ती स्वयंपाकघरातून, आणि मधल्या दारात पाटीपुस्तक घेऊन आपण दोघं. ते मधलं दार मला एकटीला भरता येत नाही, कौस्तुभ. म्हणून हे पत्र. तू नाहीच म्हणणार, अगदी बाबांसारखा खाकरून. तरी विचारते : या रविवारी कुंडी जागृतीच्या हातात दे आणि उजवा रिक्षात घालून घेऊन ये. आणि तो देणार नसलास, तर तू एकटा ये.

तुझीच, अजून न बदललेली,
ताई