जोडणी चालू असताना

१४ जानेवारी, मंगळवार

लिहायला बसले, कारण काल आमचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, ट्रकवर आदळलं आणि माझा नवरा ओरिन त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही. युमाच्या या वाळवंटी तळावर दोन ट्रेलरांमध्ये एका खुर्चीपुरती जागा. शेजारच्या कॉन्सुएलोला माझी शिंकसुद्धा ऐकू जाते. उरला कागद.

झालं ते असं. टायर बदलायला ट्रेलर गावात न्यायचा होता. टायर वरून छान दिसतात. पण टायर नक्षीवरून नाही, वयावरून बदलायचे. उन्हात उभे राहून ते आतून सडतात. ओरिनने ट्रक मागे घेतला. ट्रकच्या हौद्यात ती तेलकट थाळी असते, तिलाच सगळे ‘पाचवं चाक’ म्हणतात. ट्रेलरच्या नाकाखालची जाड पिन तिच्या जबड्यात जाऊन बसते. जबडा मिटला, की ट्रेलरचे पुढचे पाय टेकलेले असतानाच ट्रकने हलका हिसका द्यायचा. पिन सुटत नाही अशी खात्री झाली की मगच पाय उचलायचे. हे इथल्या कुत्र्यांनाही पाठ असेल!

ओरिनने हिसका दिला नाही. "उचल पाय," म्हणाला. मी बटण दाबलं. तो पुढे निघाला आणि ट्रेलरचं नाक धाडकन हौद्यावर. दोन्ही बाजूंचे पत्रे केळीच्या सालीसारखे बाहेर वाकले.

शेजाऱ्यांची अख्खी रांग खुर्च्या टाकून बघत होती.

१५ जानेवारी, बुधवार

ओरिन म्हणतो, "जबडा झिजलाय." मी जबडा पाहिला. झिजलेला नाही. ग्रीस नेमकं लावलेलं, खिट्टी सुटसुटीत.

"मग तुझं काय म्हणणं आहे, मास्तरीणबाई?"

"माझं म्हणणं, तू विसरलास."

"मी काही विसरत नाही," म्हणाला, आणि बाहेर जाऊन निवांतपणे पाण्याचा पाइप गुंडाळत बसला.

१७ जानेवारी, शुक्रवार

तीस वर्षं भूमिती शिकवली. परीक्षा घेणं मला येतं. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं — आज वार कोणता, माँटानात गेल्या वर्षी कुठे थांबलो होतो, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं मधलं नाव काय? सगळं बरोबर सांगितलं. वर म्हणाला, "आता पाढे घे."

स्मरणशक्ती माझ्याहून बरी आहे. मग हिसका का नाही दिला?

कारिनचा फोन आला. आमची एकुलती एक मुलगी, मिनेसोटात सेंट क्लाउडला असते. कॉन्सुएलोच्या भाचीने फोटो टाकला होता, त्यातला चेपलेला ट्रक तिने पाहिला. पुढच्या महिन्यात येते म्हणाली. "आई, आता पुरे झालं ना?" वृद्धांच्या एका इमारतीत दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. खाली दवाखाना, वर जेवणघर. आणि ट्रेलर विकायचा.

घर विकून हा ट्रेलर घेतला तेव्हा कारिन रडली होती. आमचं दुसरं घर नाही. हे गेलं की तिच्या दोन खोल्या!

२० जानेवारी, सोमवार

दार खाली घासतंय. ओरिन रंधा आणायला निघाला होता, मी थांबवलं. दार घासलं की दार तासू नये. आधी ट्रेलर समतल आहे का बघावं. एक पाय वाळूत रुतला की चौकट पिळते आणि बिचाऱ्या दारावर आळ येतो. पायाखाली फळी सरकवली. दार मिटलं.

किती गोष्टी अशा असतात. बिघाड एकीकडे, आवाज दुसरीकडून. नवऱ्याच्या बाबतीतही असंच काही असेल का? मी दार तासत बसले आहे?

२१ जानेवारी, मंगळवार

साफसफाई. ओरिन छताच्या सांध्यांना लावायचं पांढरं सीलंट कुठेही सांडत असतो. शेगडीच्या कळीवर एक ठिपका, हीटरच्या चकतीवर ठिपका. सांडपाण्याच्या दोन टाक्यांच्या — साबणाच्या पाण्याची आणि संडासाची — झडपांच्या दांड्यांवरही — एकीवर एक, दुसरीवर दोन. दांड्यांवरचे सुरीने खरवडून काढले. ट्रेलर आहे की केकचं दुकान?

२२ जानेवारी, बुधवार

कळलं.

सकाळी ओरिनने सांडपाण्याच्या पाइपची रबरी कडी बदलली. पाइप अजून जोडला नव्हता. नवी कडी बसते का ते बघायला साबणाचं थोडं पाणी सोडतो म्हणाला. खाली बादली. दांड्यांवर हात फिरवला, एकीवरून दुसरीवर, परत पहिलीवर. मग एक ओढली.

संडासाच्या टाकीची.

बादली कसली पुरते! बूट, मोजे, विजार. कॉन्सुएलो आपल्या छत्रीखालून ओरडली, "ओरिनराव, नव्या लोकांसारखं काय करताय! तुमच्या बुटांना फूल येईल आता!" बाकीची रांग हसली. ओरिन हसला नाही. झडप बंद करून तसाच उभा राहिला. त्याचा अंगठा रिकाम्या दांडीवर काहीतरी शोधत होता.

एक ठिपका, दोन ठिपके.

मी आत आले. शेगडी पाहिली, हीटर पाहिला, दिव्यांची बटणं पाहिली. एकही ठिपका सांडलेला नव्हता. एकेक मोजून लावलेला.

अंघोळ करून आला तेव्हा मी टेबलाशी बसले होते. तीन बोटं वर केली. "किती?"

त्याने मान जराशी वळवली, जणू माझ्या कानाकडे बघतोय. "तीन," म्हणाला. "कडेने दिसतं. समोर बघितलं की मधोमध डाग. तुझ्या चेहऱ्याच्या जागी डागच आहे, सध्या."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

दात स्वस्तात करून घ्यायला म्हणून सीमेपलीकडे जायचा, तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात होता. इलाज नाही. वाढू नये म्हणून गोळ्या आहेत.

"आणि माँटानाचा तो घाट? मिनेसोटाहून इथवर कसा चालवलास?"

"कडेची पांढरी रेघ दिसते."

मी उठून बाहेर गेले. रेघ दिसते म्हणे! समोर मुलांची बस असती तर? आयुष्यात इतका राग आला नव्हता. तळाला तीन फेऱ्या मारल्या. त्या फेऱ्यांत ट्रेलरच्या त्या आदळण्याचाही उलगडा झाला. जबडा मिटलाय की नाही हे सगळे बॅटरी लावून बघतात. तो ऐकत होता. जोडणी चालू असताना जोडणाऱ्याशी बोलायचं नाही, हा इथला धर्म — लक्ष उडालं की पिन चुकते. त्या शांततेत त्याचं निभावत होतं. त्या दिवशी कॉन्सुएलोने रेडिओवर तिची मेक्सिकन गाणी लावली होती. आवाज ऐकला असं त्याला वाटलं. आणि लोक बघताहेत म्हणून घाईत हिसका राहिला.

२३ जानेवारी, गुरुवार

"किल्ली दे."

"कारिन येऊन गेली की देतो."

"आत्ता."

"आत्ता दिली तर ती विचारेल का दिली. मग दोन खोल्या. इथे मला प्रत्येक कड पाठ आहे, बाई. तिथे मी दिवसभर खुर्चीत. दुपारी कुणीतरी येऊन लुसलुशीत आवाजात विचारणार, आज आपण कसे आहोत?"

त्याने शब्द दिला — चालवणार नाही, किल्ली नुसती खिशात असेल. मीही अट घातली — जोडणी, चालवणं, सगळं मला शिकव. मी खोटं बोलणार नाही हेही सांगितलं. कॉपी करणाऱ्या पोरांना मी कधी सोडलं नाही.

"माहीत आहे," म्हणाला. "ती अजून तुला शिव्या देत असतील."

दांड्यांवर ठिपके परत लावले. एक आणि दोन.

२६ जानेवारी, रविवार

शिकते आहे. ट्रकची थाळी ट्रेलरच्या नाकापेक्षा किंचित उंच हवी, म्हणजे ट्रक मागे येताना ती नाकाला थोडं उचलून घेते. नाक उंच राहिलं तर पिन जबड्याच्या वरच्या वर बसते आणि सगळं ठीक वाटतं. ठीक वाटणं सगळ्यांत वाईट.

ओरिन मागे खुर्चीत, डोळे मिटून. मी ट्रक मागे घेतला, खट् झालं. मी उतरणार तोच हात वर. "नाही. हा थाळीचा आवाज. जबड्याचा जाड असतो." पुन्हा. खट् — आणि मग एक जाड, ओला आवाज. "हा."

तरीही मी बॅटरीने पाहिलं. तरीही हिसका दिला. कान त्याचे, डोळे माझे, आणि विश्वास दोन्हींवर नाही.

२९ जानेवारी, बुधवार

मागे घेणं जमत नाही. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर हातातलं चाक उजवीकडे — भूमिती मला कळते, हातांना कळत नाही. कॉन्सुएलोचा नळ थोडक्यात वाचला.

"अगं, मारून टाक त्याला, जुनाच आहे!" ती म्हणाली. मग खुर्ची ओढत जवळ आली. तिचा नवरा गेला तेव्हा तिचा ट्रेलर इथेच होता. त्यानंतर जागचा हलला नाही. तिला जोडता येत नाही, आणि भाड्याचा माणूस लावून जायचं तर जायचं कुठे? "मला वाटलं होतं, मी थोडे दिवस इथे राहीन," म्हणाली. टायरांवर तिने फुलांची कापडं घातली आहेत. आत काय झालंय ते आम्हा दोघींना माहीत आहे.

ओरिन म्हणतो, चाकाच्या खालच्या कडेला हात धर. ट्रेलरचं बूड न्यायचं त्या बाजूला हात ने. बस! इतकं सोपं इतकी वर्षं सांगितलं का नाही?

"इतकी वर्षं तू विचारलंस कुठे?"

१ फेब्रुवारी, शनिवार

टायरवाल्याकडे मी नेला. मी आणला. ओरिन शेजारी. वाटेत म्हणाला, बाहेर काय आहे ते सांग. सांगितलं — कोबीची शेतं, समांतर ओळी, क्षितिजाशी एकत्र येताना दिसतात. "सिद्धता सांगतेस की देखावा?" म्हणाला. मग मीही बघू लागले. ओळींत वाकलेल्या बायकांच्या टोप्या. पाण्यावर बगळे. इतके हिवाळे इथून गेले, मी नकाशाच बघत होते.

जागेत मागे तिसऱ्या खेपेला बसवला. रांगेने टाळ्या वाजवल्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कारिन काल आली. कॉन्सुएलोने विमानतळावरून आणली. वाटेत ट्रेलर पडल्याची गोष्ट तिने साभिनय सांगितली असणार. उद्या परत. दोन खोल्यांचं चित्रांचं पत्रक टेबलावर ठेवलं. चित्रात दोन म्हातारे पत्ते खेळताना हसत होते.

"बाबा, नक्की काय झालं?"

"जबडा."

"बाबा, डोळे तपासलेत?"

"ठणठणीत."

मग ओरिन कॉफी ओततो म्हणून उठला. कप, भांडं, साखर — एक थेंब सांडला नाही. कारिन बघत होती. मी त्याची बोटं बघत होते. कपाच्या आत एक बोट, कॉफी किती आली ते कळायला. भाजत असणार.

तो बाहेर गेल्यावर तिने मला विचारलं. सरळ. "आई, तू कधी खोटं बोलत नाहीस. बाबांना दिसतं ना?"

मी म्हटलं, "दिसतं."

तिने सुटकेचा श्वास सोडला. मला मिठी मारली. पत्रक पर्समध्ये परत ठेवलं. दोन खोल्या टळल्या.

कडेने दिसतं, म्हणजे दिसतंच की, असं मनात म्हणून पाहिलं. माझ्या वर्गातली पोरंही असंच म्हणायची — बाई, नुसती नजर गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

कॉन्सुएलो दातांसाठी सीमेपलीकडे गेलेली. मी म्हटलं, विमानतळावर मी सोडते. कारिन म्हणाली, "नको आई, बाबा सोडतील. मला त्यांच्याशी एकट्याने बोलायचंय." ती ट्रकपाशी जाऊन उभी राहिली. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. त्याआधीच ओरिन तिच्यापर्यंत पोहोचला होता. म्हणाला, "तू चालव, पोरी. मला समोरचं दिसत नाही. तुझी आई माझ्यासाठी खोटं बोलली."

विमानतळापर्यंत तिघंही गेलो.

दिलं: ट्रकच्या किल्ल्या, दोन. गाडी चालवण्याचा परवाना, एक. देणारा ओरिन. घेणारी कारिन.

आत जाताना कारिनने एक किल्ली माझ्या हातावर ठेवली. दुसरी तिच्याबरोबर मिनेसोटाला गेली.