कापशी, तुला भडंग चारणारे आम्हीच

प्रिय कापशी,

काल तासगावहून मामूंचा फोन आला. त्यांच्या नातीनं तुझ्यासारखेच दोन ससे आणलेत. "लय गोड हायत! मूठभर बेदाणं घातलं, लगेच फस्त केलं बघ," म्हणाले. मी फोनवरच ओरडले, "एक दाणासुद्धा घालू नका!" राग अजून उतरला नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले.

काय काय चारलं गं तुला! धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला मी स्वयंपाकघरात, आणि अंगणात तुझ्याभोवती पाहुण्यांचा घोळका. कुणी भडंग टाकतंय, कुणी फरसाण, कुणी खारी. मी धावत बाहेर आले, तर एक बाई मलाच म्हणाल्या, "आवं, मुकं जनावर हाय, खाऊ द्या की!"

मुकं आहे म्हणून काहीही चारायचं? पोटात दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून?

दुसऱ्या दिवशी तू गवताला तोंड लावलं नाहीस. पिंजऱ्यात एक लेंडी नाही. कोपऱ्यात अंग आक्रसून दात करकरत बसलीस. मला वाटलं, दगदग झाली असेल. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली! का पाहिली मी?

विश्रामबागच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. "सशाला उलटीही होत नाही हो. गवत हेच याचं जेवण. तेल-तिखट, साखर, मैदा गेला की आतडंच थांबतं. सकाळीच आणायला हवं होतं." सुई दिली, औषध पाजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तू माझ्या ओढणीत गेलीस.

आणि तू तरी! प्रत्येक हाताकडे नाक हलवत कशाला धावत होतीस?

पण खरं सांगू? तुला पहिलं बिस्कीट मीच दिलं होतं. तू दोन पायांवर उभी राहिलीस, मी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. शिकवलं मीच, आणि चिडते पाहुण्यांवर!

तू असलं खाऊन गेलीस, हे काल फोनवर सांगितलं, तेव्हा मामू हळूच म्हणाले, "आमाला कवा सांगितलंस गं? तू तर म्हणालीस, आजारी पडून गेली." खरंच की. लाजेनं मी खोटं बोलले होते. एवढ्यात त्यांच्या नातीचा आवाज आला, "मग त्यांना काय घालू?" "गवतच घाल, बाकी काही नको," मी सांगितलं.

कापशी, शब्द देते. तू कशानं गेलीस, हे यापुढं कुणापासून लपवणार नाही. रविवारी तासगावला जाऊन त्या पोरीला सगळं सांगेन, माझ्या बिस्किटापासून.

तुझीच,
यास्मिन