सेंट पॅट्रिकचं जेवण आणि नेलिदाचा कट

३ मार्च, रविवार
आज चर्चमधली मिस्सा सुटल्यावर नेलिदा फार गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, कशाला दगदग आता? यंदा सेंट पॅट्रिकचं जेवण आमच्या अंगणात करू या." युजेनिओ, माझा पाठचा भाऊ, बायकोच्या शेजारी उभा राहून मान हलवत होता. मी म्हटलं, आई गेली तेव्हापासून हे जेवण माझ्या टेबलावर होतंय. आयरिश रक्त कोणाचं, तुझं की माझं? नेलिदाचे आजोबा इटलीतल्या जेनोवाचे. ती "बरं" म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

५ मार्च
आनंदाची बातमी! पणजोबांच्या भावाच्या घराण्यातली ब्रोना आयर्लंडमधल्या वेस्टमीथहून येतेय. आमच्या अर्जेंटिनात पहिल्यांदाच, आणि सतराला, सेंट पॅट्रिकच्या दिवशीच, इथे सुइपाचा गावात. खरीखुरी आयरिश बाई. तिने माझा मटण-बटाट्याचा स्ट्यू चाखून "हाच तो" म्हटलं, की जेवण कायम माझ्याकडे. नेलिदाला लगेच फोन केला. ती म्हणाली, "अगं बाई! बिचारी."
बिचारी का? लांबच्या प्रवासामुळे असेल.

९ मार्च
मेंढीचं मटण सांगायला ओस्वाल्दो खाटकाकडे. तो म्हणाला, "सतरालाच ना? नेलिदाबाईंनी बरगड्या आणि सॉसेजं सांगून ठेवलीयत. वीस माणसांची." मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. आमच्या कुटुंबात माणसं वीसच. म्हणजे माझ्या स्ट्यूसमोर ही दुसरा स्ट्यू मांडणार! तोही बरगड्यांचा! हसू आलं. पण हसले नाही. ओस्वाल्दोसुद्धा सामील असू शकतो.

१२ मार्च
सोडा ब्रेडची रंगीत तालीम. दुकानात आपोआप फुगणारंच पीठ मिळतं, पण मठाच्या निवासी शाळेत सिस्टर कॉलंबा सांगायची, सोड्याशिवाय आयरिश पाव नाही. म्हणून वरून सोडाही घातला. ताक इथे कोण विकतं? दुधात व्हिनेगर. पाव बिशपच्या टोपीसारखा वर आला आणि ओव्हनचं दार उघडताच खाली बसला. चव किंचित साबणाची. सिस्टरच्या हातांनाही साबणाचा वास असायचा. डोळ्यांत पाणी आलं.
रविवारी ती खिडकीपाशी उभी राहून गुणगुणायची आणि मागे स्ट्यू तीन तास उकळत असायचा. आम्ही पोरी ताटं अगदी चाटूनपुसून लख्ख करायचो. केल्याशिवाय उठूच देत नसत.
रात्री विचार आला: काल नेलिदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटीच गेली होती. सोड्याचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१५ मार्च
युजेनिओचा फोन. "ताई, नक्की किती वाजता वाढणार?"
एक वाजता.
"दीड केलं तर?"
अर्धा तास कशाला हवाय, विचारलं. तो खोकायला लागला. लहानपणी साखर चोरली की असाच खोकायचा.
शिवाय ब्रोना उतरणार नेलिदाकडे! "तुमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीत पंखा नाही ना वन्सं." आयर्लंडच्या बाईला पंखा कशाला लागतो? ब्रोनाचे कान भरायला रात्र हवी, दुसरं काय.
निश्चय: चिडायचं नाही. स्ट्यूच बोलेल.

१७ मार्च, सकाळ
पातेलं पहाटेच चढवलं. बाहेर अंगाची लाही होतेय. जेवणघराचे पडदे ओढून घेतले, म्हणजे आत धूसर, आयरिश उजेड पडेल. आईचा हिरवा टेबलक्लॉथ घातला. ती इस्त्री करून घालायची तशी घडी मला अजून जमत नाही.
भिंतीपलीकडे नेलिदाच्या अंगणातून धूर येतोय. स्ट्यूला इतका धूर? करपला बहुतेक.

१७ मार्च, संध्याकाळ
जिंकले!
दीडला सगळे एकदम आले, मधल्या फाटकातून. सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास. युजेनिओच्या मिशीला चरबी लागलेली. पूस म्हटलं.
माणसं अजून धर्म पाळतात हे पाहून बरं वाटलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून सगळे बेताचं खात होते. "आत्या, एक बटाटा पुरे." "वन्सं, मला नुसता रस्सा." नेलिदाच्या थोरल्याने तर पाव हातात घेतला, तोलून पाहिला आणि भक्तिभावाने परत ठेवला.
ब्रोनाने पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबली. सगळे श्वास रोखून. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या बोर्डिंगात अगदी असाच मिळायचा म्हणे. ती अजूनही सांगते."
अजूनही सांगते! मी नेलिदाकडे पाहिलं. तिने रुमाल तोंडावर धरला होता. तिचा स्ट्यू काही बाहेर आलाच नाही. थोडं वाईट वाटलं.

१८ मार्च
पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं, म्हणून दुपारी ते उचलून नेलिदाकडे गेले. अंगणात ब्रोना, युजेनिओ, नेलिदा. मध्ये जाळी. जाळीवर बरगड्या. ब्रोना हाडूक दोन्ही हातांनी धरून खात होती, कोपरापर्यंत तेलकट.
मी म्हटलं, हे काय? स्ट्यू कुठाय तुझा?
"कसला स्ट्यू, वन्सं?" नेलिदा म्हणाली. "कालच्या उरल्यात, त्या गरम करतोय."
काल?
युजेनिओ पायाकडे बघत म्हणाला, "ताई, आम्ही दर वर्षीच आधी इथे जेवून मग तुझ्याकडे येतो."
आई गेली तेव्हापासून. सगळेच्या सगळे.
मी पातेलं खाली ठेवलं. विचारलं, मग येता कशाला?
नेलिदाला राग आला. खराखुरा. "येता कशाला म्हणजे? सेंट पॅट्रिकला तुमच्याकडे नाही यायचं तर कुठे जायचं माणसाने? या उन्हात अंधाऱ्या खोलीत घाम गाळत बसतो, ते काय बटाट्यांसाठी?" मग एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "तुम्ही तरी काल जेवलात का?"
मी वाढत होते. कुठल्याच वर्षी जेवले नाही, हे तिथे उभं राहून लक्षात आलं.
तिने खुर्ची ओढली. मी बसले.

रात्री
बरगड्या तीन खाल्ल्या. मीठ किंचित जास्त होतं; मुद्दाम असेल.
पुढच्या वर्षीचं जेवण माझ्याकडेच, असं ठरलं. दीड वाजता. मी बारालाच नेलिदाकडे जाणार आहे. कटावर नजर ठेवायची तर आतूनच ठेवावी लागते.