एकरी वीसचा प्लॉट

१२ ऑक्टोबर

येतो म्हणून बसलो! तोंडातून निघून गेलं. आता हात चोळून काय उपयोग.

आदिनाथ कॉलेजातून आला तो पत्र नाचवतच. माजी कृषिमंत्री अप्पासाहेब कौळासकरांचं टपाल तिकीट निघतंय. एकतीस तारखेला नांदेडला प्रकाशन. "बाबा, कंधारच्या त्या पहिल्या हायब्रीड ज्वारीच्या प्लॉटवरचे सरकारी माणूस तुम्ही एकटेच उरलात. पाच मिनिटं बोलायचं." कृषी महाविद्यालयात शिकवतो तो, प्रकाशनाच्या समितीतही आहे. माझं नाव त्यानंच घातलं. लेकाचा चेहरा असा फुललेला की नाही म्हणवेना.

तिकिटावर साहेब कणीस धरून उभे आहेत. सोबतच्या पत्रकाची पहिलीच ओळ - 'एकरी वीस क्विंटल! १९६७च्या या प्रयोगाने देशाची शेती बदलली.'

तो आकडा माझा. आणि तो खोटा आहे.

१३ ऑक्टोबर

लिहून काढतो एकदाचं. अठ्ठावन्न वर्षांत कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही. ती गेली मला सरळ माणूस समजून.

पीक कापणीचा नियम साधा. तक्त्यातून आकडे काढायचे, बांधाच्या कोपऱ्यापासून तेवढी पावलं चालायचं. पाय थांबेल तिथं खुंटी ठोकायची, दोरीनं चौकोन आखायचा. तेवढंच पीक कापून, मळून, तोलायचं आणि त्यावरून एकराचा हिशेब. पीक बघून जागा निवडायची नाही - ट्रेनिंगमध्ये हे एवढं एकच घोकून घेतलं होतं.

मी एकवीस वर्षांचा. कृषी खात्यातली नोकरी चार महिन्यांची. शेत किशनचं, कंधारजवळ. पावलं मोजत गेलो तर पाय थांबले पाणथळ कोपऱ्यात. तिथली ज्वारी पिवळी, गुडघ्याएवढी! तासाभरात अप्पासाहेबांची जीप येणार होती, तेव्हा ते राज्यात मंत्री. आमचे वरिष्ठ आधीच दरडावून गेले होते, "आकडा चांगला पाहिजे."

खुंटी उपटली. मधल्या काळ्याभोर पट्ट्यात नेऊन ठोकली. एकरी वीस आले.

साहेबांनी पाठ थोपटली. महिन्याभरात 'एकरी वीस' भिंतीभिंतीवर रंगलं. पुढं ते दिल्लीला गेले, देशाचे कृषिमंत्री झाले. मलाही बढत्या मिळत गेल्या.

१५ ऑक्टोबर

शिवांगी माझं भाषण टाईप करतेय. "आजोबा, 'इतिहासाचे साक्षीदार' असं टाकू?"

"काही टाकू नको!" खेकसलोच तिच्यावर. नात बिचारी हिरमुसली. राग माझा मला, निघाला पोरीवर.

१९ ऑक्टोबर

कंधारला जाऊन आलो. घरी सांगितलं, जुन्या ओळखी आहेत. अहमदपूरला बस बदलली, कंबर मोडली.

किशन जाऊन पंधरा वर्षं झाली. त्याची बायको कावेरीबाई आहेत. नजर कमी, कान शाबूत. त्या दिवशी दोरीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. ओळख सांगितली तर पटकन म्हणाल्या, "खुंटी उपटलेले साहेब व्हय तुमी?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्हाला आठवतं?"

"न आठवाया काय झालं? म्या धन्याला इच्यारलं बी, हा माणूस असं काहून करून राहिला? ते म्हनले, गप बस, सरकारी काम हाय."

वाटलं, आता म्हणतील - जाऊ द्या, झालं गेलं, त्या ज्वारीनं लेकरं जगवली. तेही म्हणाल्या. ते खरंच आहे. दोन वेळची भाकरी त्या हायब्रीडनंच दिली आमच्या भागाला. मला हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात म्हणाल्या,

"माझा भाऊ लिंबाजी. वीस ऐकून त्यानं पानथळात पेरली. सहा निघाली. म्या सांगितलं त्याला, न्हाई पटलं. सायेब लबाड बोलतेत व्हय, म्हनला. आपलीच मेहनत कमी पडली म्हनून सोताला कोसायचा. मरस्तोर."

"मग मी काय करू, बाई?"

"समद्यायच्या म्होरं सांगा. माझ्या भावाची मेहनत कमी न्हवती."

२० ऑक्टोबर

सांगितलं तर आदिनाथची समितीत मान खाली. नाही सांगितलं तर ही बाई डोळ्यांसमोरून हलत नाही.

२६ ऑक्टोबर

नवा सदरा आणलाय सूनबाईनं. मापाला अगदी बरोबर. घालवेना.

३१ ऑक्टोबर

सांगितलं!

हॉल गच्च. तिकिटाचं मोठं चित्र मागं लावलेलं. मंचावर साहेबांची मुलगी शिवकांताताई, टपाल खात्याचे अधिकारी, पुढारी. शिवांगीनं दिलेला कागद खिशातच ठेवला. म्हणालो, "तो वीसचा आकडा मी जागा बदलून काढलाय. पाणथळात पेरून ज्यांना कमी पिकलं, त्यांची चूक नव्हती. माझी होती."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारं भ्रमिष्ट झालंय, खाली बसवा!" निवेदकानं माईक काढूनच घेतला. शिवकांताताई माझ्याकडं टक लावून बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. आदिनाथ पहिल्या रांगेत, मान खाली घालून.

लातूरला घरी आल्यावर तो गाडी लावून सरळ त्याच्या खोलीत गेला.

१ नोव्हेंबर

कावेरीबाईंच्या नातवाला फोन लावला. त्यानं त्यांच्या कानाला धरला. सांगितलं मी. मग "हाव" म्हणाल्या, बस.

३ नोव्हेंबर

आदिनाथ जेवायला वेगळा बसतो. आज म्हणाला, "निदान मला तरी आधी सांगायचं होतं." बरोबरच आहे त्याचं. पण आधी सांगितलं असतं तर मी बोललोच नसतो.

६ नोव्हेंबर

आदिनाथ माझ्याशेजारी येऊन बसला. हातात मोबाईल. शिवकांताताईंनी साहेबांच्या दौऱ्याच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवलाय. तारीख त्याच दिवशीची, अक्षर साहेबांचं. त्यानंच वाचून दाखवलं -

'कंधार. शेत फिरून पाहिले. पाणथळ कोपरा कापणीत धरलेला नाही. पोरगा घाबरलेला दिसतो, नोकरी घालवू नये. खरे पीक बारा. बियाणे-खताची मागणी बारावरच करावी. सभेत मात्र वीस सांगावे.'

पुन्हा वाच म्हणालो. त्यानं पुन्हा वाचलं.

साहेबांचा राग आला. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा.